ना. सी. फडके आणि उसन्या कथानकाचा प्रश्न

गारगोटी : भुदरगड तालुक्यातील तालमीत घाम गाळलेल्या एखाद्या वाचकाच्या हाती कुस्तीवरील कादंबरी पडली, की पहिल्या पन्नास पानांतच त्याला पुढचे सारे दिसू लागते. गरीब घरचा पोर, कडक वस्ताद, जिव्हारी लागलेला एक पराभव आणि अखेरीस खासबाग मैदानातील निकाली कुस्ती. हे आपण याआधी दुसऱ्या पुस्तकात वाचले आहे, अशी शंका मग त्याला छळते. खेळाच्या कथेचे शेवट ते किती असणार? तेव्हा हे साम्य अपरिहार्य मानावे, की लेखकाने समोर दुसरे पुस्तक उघडून ठेवले होते असे म्हणावे? ज्यांच्या वाङ्मयीन आयुष्यात हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला, ते प्रा. नारायण सीताराम फडके गारगोटीपासून सुमारे ५० किलोमीटरवर, कोल्हापुरातच, दीर्घकाळ वास्तव्यास होते.

फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) कर्जत येथे झाला. १९१२ मध्ये त्यांची पहिली लघुकथा प्रसिद्ध झाली. १९१७ मध्ये ‘अल्ला हो अकबर’ ही पहिली कादंबरी आली आणि तिच्याबरोबरच उसनवारीचा विषयही. मेरी कॉरेली या त्या काळी अफाट खपणाऱ्या इंग्रज लेखिकेच्या ‘टेंपोरल पॉवर’ या १९०२ च्या कादंबरीचा तिला आधार होता. मूळ कथेतील राजा वेष पालटून प्रजेत मिसळतो आणि आपल्याच सत्तेविरुद्ध कट करणाऱ्यांच्या गुप्त मंडळीत सामील होतो. तेवीस वर्षांच्या तरुण लेखकाला या कथानकाची भुरळ पडली नसती तरच नवल.

आजच्या कसोटीने या गोष्टीकडे पाहणे अन्यायाचे ठरेल. खुद्द हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’मागे रेनॉल्ड्सची इंग्रजी कादंबरी होती, देवलांचा ‘झुंझारराव’ तर सरळ ‘ऑथेल्लो’वरून उतरलेला. परकी कथा मराठी वेषात आणणे हे त्या पिढ्यांचे शिक्षणच होते. फडके यांनी मात्र हे शिक्षण लवकर संपवले. १९२५ च्या ‘कुलाब्याची दांडी’ने त्यांना वाचक मिळवून दिला आणि पुढे सत्तरहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या लेखणीतून उतरल्या.

१९२६ मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागले. वीस वर्षांहून अधिक काळ ते तेथे होते. कुस्तीच्या या पंढरीत राहूनही त्यांची लेखणी तांबड्या मातीत फारशी उतरली नाही. त्यांचा जीव क्रिकेट आणि टेनिसवर. त्यांच्या सुशिक्षित, देखण्या नायकाच्या हाती टेनिसची रॅकेट शोभून दिसे. प्रीतीचा गुंता, नीटनेटके संवाद, नेमक्या जागी येणारी कलाटणी हे सारे इतक्या वेळा आले, की फडके आता फडक्यांचीच नक्कल करतात, असा आक्षेप निघू लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा आक्षेप पहिल्यापेक्षा अधिक गंभीर आहे. कॉरेलीचे ऋण एका पुस्तकापुरते होते. स्वतःच्या साच्यातून सुटणे त्यांना पुढेही जड गेले.

१९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झाले. कथा-कादंबरीचे तंत्र शिकवणारा हा ग्रंथ अनेक होतकरू लेखकांनी अभ्यासला. येथेही क्लेटन हॅमिल्टन या अमेरिकी समीक्षकाच्या कादंबरीकलेवरील पुस्तकाशी असलेले साम्य टीकाकारांनी पुढे केले. गंमत अशी, की हाच ग्रंथ त्यांच्या बचावाची दिशाही दाखवतो. कथानकाइतकेच महत्त्व त्याची मांडणी, उत्कंठा आणि निवेदन यांना आहे, ही त्यांची भूमिका होती. ती मान्य केली, तर कुस्तीवरील दोन कादंबऱ्यांत वस्ताद आणि मैदान सारखे असणे हा दोष उरत नाही. डाव टाकण्याची वेळही तीच आणि पकडही तीच असेल, तर मात्र शंकेला जागा राहते.

कलेसाठी कला या त्यांच्या आग्रहामुळे कोल्हापुरातच राहणाऱ्या वि. स. खांडेकरांशी त्यांचा वाद झाला आणि तो खूप गाजला. १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. लघुनिबंधांत मात्र कोणाच्या आधाराची शंका फारशी कोणी काढली नाही. तेथे ते आपल्या आवडीनिवडींविषयी, रोजच्या साध्या गोष्टींविषयी बोलत. ‘गुजगोष्टी’ आजही ताजी वाटते. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.