नोकरी सुटल्यावरचे बाबासाहेब

आपल्या माण भागातली कितीतरी माणसं दुष्काळापायी मुंबईला गिरणीत गेली आणि १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हातानं परतली. नोकरी गेली म्हणून खचलेल्या माणसाला ही हकीकत जरूर सांगावी.

१९१७ साली परमपूज्य बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याला नोकरीस गेले. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. राहायला खोली मिळेना, म्हणून ते नाव बदलून पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावानं तिथून हाकललं. कामाठी बागेत पाच तास काढून ते रात्रीच्या गाडीनं मुंबईस निघाले.

घरी रमाई, संसार. बाबासाहेबांनी दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला. जात कळताच गिऱ्हाईक येईना, तोही बंद पडला. तरी लेखणी थांबली नाही. शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा निबंध १९१८ मध्ये छापून आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्यातून काटकसरीनं शिल्लक टाकली. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांनी पाच हजार उसने दिले. हाकलणारे पारशी, अन् हा मित्रही पारशीच!

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला निघाले.