केळुसकर गुरुजी : पुस्तक हाती देणारा माणूस

बाबासाहेबांचे चरित्र सांगताना केळुसकर गुरुजींचे नाव एका वाक्यात येते आणि पुढे निघून जाते. त्यांनी विद्यार्थी भीमरावाला बुद्धचरित्र भेट दिले, एवढे आपल्याला पाठ असते. पण ते पुस्तक देणारा माणूस कोण होता, त्याआधी आणि त्यानंतर त्याने काय केले, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यायला हवे. एक पुस्तक योग्य वेळी योग्य हातात देणे म्हणजे काय, ते गुरुजींच्या आयुष्यातून कळते.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचा जन्म १८६० साली आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावी झाला. पुढे ते मुंबईत आले, शिक्षक झाले आणि आयुष्यभर लिहीत राहिले. १८९६ मध्ये त्यांचे तुकाराम महाराजांचे चरित्र आले. १८९८ मध्ये त्यांनी गौतम बुद्धांचे चरित्र लिहिले. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले. या शिवचरित्राच्या आधारे न. स. टाकाखव यांनी इंग्रजी चरित्र तयार केले आणि ते १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तुकाराम, बुद्ध आणि शिवराय, या तिघांना मराठी वाचकांच्या घरात नेण्याचे काम एका शाळामास्तराने केले. पुस्तके लिहिणे हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग झाला. दुसरा भाग होता पुस्तके लोकांच्या हाती देण्याचा.

भीमराव तेव्हा मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहायचे. तिथे अभ्यासाला निवांत जागा कुठून मिळणार? शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. केळुसकर गुरुजीही त्याच बागेत नियमित येत. बाकीची मुले खेळत असताना हा एक मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसू लागला. एके दिवशी त्यांनी चौकशी केली. मुलगा अस्पृश्य समाजातला आहे हे कळल्यावरही ते मागे सरले नाहीत. त्यांनी त्याला काय वाचावे ते सांगितले आणि आपल्याकडची पुस्तके वाचायला दिली. तो काळ आठवा. त्याच मुंबईत या मुलाने वर्गातल्या फळ्याजवळ जाऊ नये म्हणून सवर्ण मुलांनी गोंधळ घातला होता. अशा काळात सवर्ण समाजातल्या शिक्षकाने स्वतःचे पुस्तक त्याच्या हाती देणे हे साधे काम नव्हते.

घरी रामजीबाबाही मागे नव्हते. मुलाला पुस्तके हवीत म्हणून ते विवाहित मुलींकडे जाऊन पैसे मागत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. म्हणजे या मुलाच्या वाचनामागे दोन माणसे उभी होती. वडील पुस्तके मिळवून देत होते आणि गुरुजी पुस्तके निवडून देत होते.

मग तो सत्काराचा प्रसंग आला. धनंजय कीरांसारखे चरित्रकार हा प्रसंग १९०७ मध्ये, मॅट्रिक झाल्यानंतरचा सांगतात. त्यांच्या मते सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते आणि केळुसकरांनी भाषण करून बुद्धचरित्र भेट दिले. स्वतः बाबासाहेबांनी मात्र १९५६ मध्ये ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या आणि त्यावेळी छापल्या न गेलेल्या प्रस्तावनेत ही आठवण इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरची म्हणून सांगितली आहे आणि अध्यक्ष म्हणून दादा केळुसकरांचेच नाव दिले आहे. तपशिलात असा फरक असला तरी पुस्तक कोणी दिले, याबाबत दोन्हीकडे एकच उत्तर आहे.

बाबासाहेबांच्या त्या आठवणीत एक सुंदर तपशील आहे. सभेला वडिलांनीच आधी साफ नकार दिला होता. अशा कौतुकाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटत होते. समाजातले लोक निराश झाले, पण गप्प बसले नाहीत. ते केळुसकरांकडे गेले. केळुसकर रामजीबाबांचे स्नेही होते. त्यांनी समजूत घातली आणि सभा झाली. भाषण संपल्यावर गुरुजींनी आपणच बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. त्यांचे तुकारामांचे चरित्रही तेव्हा छापून झालेले होते. तरी त्यांनी दिला तो बुद्ध.

पुढची गोष्ट आपल्याकडे अनेकदा अर्धवट सांगितली जाते. पुस्तक मिळाले आणि भीमराव बौद्ध झाले, असे काही घडले नाही. रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धचरित्र वाचून भारावलेल्या मुलाने वडिलांना प्रश्न केला, की आपल्याला हे साहित्य आजवर का दाखवले नाही. त्या महाकाव्यांतली पात्रे आपल्याला पटत नाहीत, हेही त्याने स्पष्ट सांगितले. म्हणूनच आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नाही, वाचताना तुलना करत गेलो, असे बाबासाहेबांनी नमूद केले आहे. गुरुजींनी पुस्तक दिले. प्रश्न त्या मुलाचे स्वतःचे होते. पुस्तक देणाऱ्याचा मोठेपणा यातच असतो, की तो वाचणाऱ्याच्या प्रश्नांना वाट करून देतो आणि उत्तरे मात्र त्याच्यावर लादत नाही.

गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. इंटर झाल्यावर भीमरावांचे शिक्षण पैशाअभावी अडले, तेव्हा केळुसकर त्यांना घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच मदतीने कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये परत येऊन बडोद्यात नोकरी धरली, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना आणि अपमानित होऊन मुंबईला परतावे लागले. तेव्हाही गुरुजींनी बडोद्यातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे त्यांची सोय करायचा प्रयत्न केला. प्राध्यापक तयार झाले, पण घरून विरोध झाल्याने तेही फिसकटले. गुरुजींचे सगळेच प्रयत्न फळाला आले नाहीत. पण पुस्तक दिलेल्या मुलाची साथ त्यांनी सोडली नाही.

१९३४ मध्ये केळुसकर गुरुजी गेले. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यानंतरची, १३ ऑक्टोबर १९३५ ची. १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा तर दूरच होती. आपण दिलेल्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे त्यांना कधीच पाहायला मिळाले नाही. बाबासाहेबांनी मात्र आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना, त्यांचे नाव आठवणीने लिहिले.

आता आपल्याकडे पाहू. बारामती एमआयडीसीत शिफ्टमध्ये राबणारे, इंदापूरच्या वाड्या-वस्त्यांवरून रोज ये-जा करणारे, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आपलेच भाऊ-बहीण आहेत. १ जानेवारीला भीमा कोरेगावला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊन आपण पिशव्या भरून पुस्तके आणतो. त्यातली किती पुस्तके दुसऱ्याच्या हातात जातात? बरीचशी शोकेसमध्ये फोटोशेजारी उभी राहतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की विहारात सत्कार होतात. शाल दिली जाते, पुष्पगुच्छ दिला जातो, फोटो निघतो. पुस्तक दिलेच तर बहुधा स्टॉलवरून घाऊक घेतलेले, देणाऱ्याने स्वतः न उघडलेले.

गुरुजींची रीत वेगळी होती. त्यांनी आधी मुलाला वाचताना पाहिले, त्याच्याशी बोलले आणि मग जे पुस्तक स्वतः जीव ओतून लिहिले होते ते दिले. आपल्यापैकी प्रत्येकाला पुस्तक लिहिता येणार नाही. पण जे वाचून आपण हललो, ते पुस्तक प्रत्येकाकडे असते. कँटीनमध्ये शेजारी बसणाऱ्याला, वस्तीतल्या नववीच्या मुलीला, दुसऱ्या समाजातल्या मित्राला ते द्या. आपल्या पेन्सिलच्या खुणा असलेलीच प्रत द्या. आणि महिन्याभराने भेट झाली की किती पाने झाली हे विचारू नका. त्यातले काय पटले नाही, ते विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!