नाव सांगा, खण सापडेल

मोंढ्यातल्या आडत दुकानात कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. कीर्दीत दिवसभराचा व्यवहार जसा घडला तसा उतरवायचा. खतावणीत मात्र ज्याचे त्याचे स्वतंत्र पान. भोकरदनचा शेतकरी कापसाचे पैसे विचारायला आला, तर मुनीम कीर्द पहिल्या पानापासून वाचत बसत नसे. नाव ऐकायचे, पान काढायचे, रक्कम सांगायची. दवाखान्यातला केसपेपर, बँकेतले खाते, मोबाइलमधली नावांची यादी, सगळीकडे गरज हीच. संगणकाची ही गरज आज ज्या युक्तीने भागते, ती १९५३ च्या जानेवारीत आयबीएम कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात लिहिली गेली. लिहिणारा होता हान्स पीटर लून. तेव्हा त्याचे वय ५६ होते आणि शिक्षणाने तो ना गणिती होता, ना संगणकतज्ज्ञ.

लूनचा जन्म १ जुलै १८९६ चा, जर्मनीतल्या बार्मेन गावचा. वडील छापखान्यातले कसबी कारागीर. मुलानेही तोच धंदा पुढे चालवावा म्हणून त्याला स्वित्झर्लंडला छपाई शिकायला पाठवले. मध्येच पहिले महायुद्ध आले आणि लून जर्मन सैन्याच्या संदेशवहन विभागात गेला. युद्धानंतर तो कापडधंद्यात शिरला आणि १९२४ मध्ये त्याच कामासाठी अमेरिकेत येऊन तिथेच राहिला. तिथे त्याने कापडातले धागे मोजणारी पट्टी बनवली, ल्यूनोमीटर. ही पारदर्शक पट्टी कापडावर ठेवली की एका इंचात किती धागे आहेत ते नुसत्या नजरेने कळते. मग घडी घालून ठेवता येणारा रेनकोट, घरात असलेल्या दारूंतून कोणते कॉकटेल बनेल हे सांगणारे साधन, असे बरेच काही. त्याच्या नावावर ऐंशीच्या आसपास पेटंट जमा झाली. १९४१ मध्ये आयबीएमने त्याला घेतले ते याच कल्पक डोक्यासाठी.

लूनला शोधाचा प्रश्न भेटला तो रसायनशास्त्रज्ञांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाचे कागद इतके वाढले, की हव्या त्या संयुगाची माहिती यंत्राने शोधून देता येईल का, अशी विचारणा आयबीएमकडे झाली. माणसाची सवय अशी, की शोधायचे असेल तर आधी क्रम लावायचा. एक लाख नावे विस्कळीत असतील, तर एक नाव सापडायला सरासरी पन्नास हजार नावे तपासावी लागतात. तीच नावे अकारविल्हे लावली आणि दरवेळी मधोमध उघडून निम्मी यादी बाद केली, तर सतरा वेळा पाहून काम होते. पण रोज नवी नावे येत असतील, तर प्रत्येकाला क्रमात जागा करून देण्यासाठी पुढची सगळी सरकवावी लागतात.

लूनने क्रमाचा नादच सोडला. त्याने सुचवले ते असे: जे शोधायचे त्यातूनच आकडेमोड करून जागेचा क्रमांक काढा आणि नोंद थेट त्या खणात टाका. समजा, पिनकोडवरून खण ठरवायचा आहे. जालन्याचा पिनकोड ४३१२०३. त्याच्या जोड्या पाडा: ४३, १२, ०३. प्रत्येक जोडीतले आकडे मिळवा: ७, ३, ३. झाला खण क्रमांक ७३३. अंबडचा ४३१२०४ जाईल ७३४ मध्ये, परतूरचा ४३१५०१ जाईल ७६१ मध्ये. बेरीज दोन आकडी आली, तर फक्त एकक ठेवायचा. नोंद ठेवताना हीच आकडेमोड, शोधतानाही हीच. मधले काही चाळायचे कारणच उरत नाही.

अडचण उघड आहे. ४३२१०३ हा आकडाही ७३३ मध्येच येईल. लूनचा तोडगा साधा होता: एका खणात अनेक नोंदी आल्या तर त्यांची साखळी करा आणि तेवढीच साखळी तपासा. खण पुरेसे असतील तर साखळ्या आखूड राहतात आणि एक-दोन नोंदी पाहून काम भागते. लाख नोंदींना शंभरच खण दिले, तर मात्र एकेका साखळीत हजार नोंदी होतील आणि युक्तीचा जीवच जाईल.

छापखान्यात खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा खण असतो, आणि हे खण वर्णमालेच्या क्रमाने नसतात. तरी जुळाऱ्याचा हात न शोधता खणावर जातो. लूनने यावरूनच स्फूर्ती घेतली असे म्हणायला पुरावा नाही, पण छापखान्याच्या घरातल्या मुलाला ‘क्रम म्हणजे शोध नव्हे’ हे पटायला जड गेले नसावे, असे मला वाटते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ही युक्ती खरी कळते ती सी भाषेत. ही भाषा यंत्राच्या फार जवळची. तिच्यात तयार शब्दकोश मिळत नाही, खणांची रांग आणि साखळ्या स्वतः बांधाव्या लागतात. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडाच कळतो. ‘जालना’ हा शब्द आजच्या प्रचलित संकेतपद्धतीत १५ बाइट घेतो आणि सीमध्ये शब्द संपल्याची खूण म्हणून आणखी एक शून्य. दोन शब्द सारखे आहेत का हे बरोबरच्या चिन्हाने विचारले, तर सी फक्त त्यांचे पत्ते ताडून पाहते. अक्षर अक्षर तपासायला वेगळे सांगावे लागते. शब्दाची नक्कल न करता नुसता पत्ता खणात ठेवला आणि त्या जागेवर पुढचा शब्द वाचला, तर सगळ्या खणांत शेवटचाच शब्द दिसू लागतो.

कर्निघन आणि रिची यांच्या सीवरच्या पुस्तकात १९७८ साली अशा कोशासाठी अक्षरांच्या आकड्यांची नुसती बेरीज केलेली होती. त्या हिशेबाने ‘रमा’ आणि ‘मार’ एकाच खणात पडतात, कारण अक्षरे तीच, क्रम वेगळा. १९८८ च्या आवृत्तीत आधीच्या बेरजेला दर अक्षरागणिक ३१ ने गुणून पुढचे अक्षर मिळवले गेले, आणि क्रमाला किंमत आली. प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. मुद्दाम एकाच खणात पडतील अशी नावे हजारोंनी पाठवली, तर मोठी संकेतस्थळे ठप्प करता येतात, हे २०११ च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर अनेक संगणकभाषांना आपली आकडेमोड दरवेळी थोडी बदलती ठेवावी लागली.

लूनची दुसरी युक्ती आपल्या खिशात असते. १९५४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला तो क्रमांक तपासणाऱ्या हातात मावेल अशा यंत्राचा. पेटंट मिळाले १९६० मध्ये. क्रमांकाच्या शेवटी एक आकडा असा जोडायचा, की उजवीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करून (दुप्पट दोन आकडी झाली तर तिचे आकडे मिळवून) सगळ्यांची बेरीज केली, की तिला दहाने पूर्ण भाग जावा. एक आकडा चुकला की भाग जात नाही. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले तरी चूक सापडते; अपवाद फक्त शून्य आणि नऊच्या जोडीचा. बँकेची कार्डे आणि मोबाइलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक याच नियमाने तपासले जातात. दवाखान्यात एका आकड्याच्या चुकीने दुसऱ्याच रुग्णाची फाइल उघडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. खण झटकन सापडणे जितके मोलाचे, तितकेच तो चुकीचा नसणेही.

१९५८ हे लूनचे सर्वांत भरघोस वर्ष. लेखात वारंवार येणारे शब्द मोजून यंत्राकडून सारांश काढण्याची पद्धत त्याने त्या वर्षी मांडली. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत त्याने शीर्षकातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली लेख सापडेल अशी यंत्राने बनवलेली सूची दाखवली, आणि रसायन व जीवशास्त्राच्या संशोधकांनी ती लवकरच उचलली. प्रत्येक शास्त्रज्ञाच्या आवडीची नोंद ठेवून त्याला हवे तेवढेच लेख पोचवण्याची योजनाही त्याचीच. आज मोबाइल आपल्याला बातम्या निवडून देतो त्याचे हे आजोबा म्हणा. ती निवड कुणाच्या हिताची असावी हा प्रश्न लूनच्या काळी नव्हता. आपल्या काळी आहे.

खणांच्या युक्तीचे श्रेय मात्र त्याला उशिरा मिळाले. टिपण कंपनीच्या आतच राहिले. आयबीएममधल्याच जीन अॅमडाल, इलेन मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्याच सुमारास अशीच पद्धत वापरली होती, आणि छापील स्वरूपात ती पहिल्यांदा मांडली ती १९५६ मध्ये अर्नोल्ड ड्यूमी याने. युक्तीचे आजचे नाव ‘हॅशिंग’. खिमा करावा तसे शब्दाचे तुकडे करून मिसळायचे, म्हणून हे नाव. ते रूढ झाले १९६८ च्या एका लेखामुळे. लून १९६१ मध्ये निवृत्त झाला आणि १९ ऑगस्ट १९६४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या आर्मंक इथे वारला. कापडाचे धागे मोजणारी त्याची पट्टी आजही विकत मिळते.