आल्प्स ओलांडणारा वीर : होर्हे चावेझ

थोरांची चरित्रे ज्ञातीची वा देशाची सीमा मानीत नाहीत. ज्ञातीतील कर्तबगार स्त्री-पुरुषांचा परिचय आम्ही या स्मरणिकेतून करून देतोच. यंदा एका परदेशी तरुणाचे चरित्र ज्ञातिबांधवांच्या सेवेशी सादर करीत आहोत, ते सहेतुक होय. आपल्या घरांतील अनेक मुले-मुली यंत्रविद्येकडे वळत आहेत. त्यांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

होर्हे चावेझ याचा जन्म १८८७ साली पॅरिस येथे झाला. आई-वडील मूळचे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे. त्याचे शिक्षण पॅरिसमध्येच झाले व तेथेच तो इंजिनियर झाला. १९१० च्या आरंभी त्याने फार्मन बंधूंच्या शाळेत विमान चालविण्याची विद्या हस्तगत केली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अडीच हजार मीटरांहून अधिक उंची गाठून जागतिक विक्रम केला. अवघ्या काही महिन्यांची ही तपश्चर्या!

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील ब्रिग येथून आल्प्स ओलांडून इटलीतील मिलान गाठणाऱ्या वैमानिकासाठी मोठे पारितोषिक जाहीर झाले होते. मार्गात सिंप्लॉनची सुमारे २००५ मीटर उंचीची खिंड, पलीकडे खोल दऱ्या आणि त्यांतून उसळणारे बेभरवशाचे वारे. चावेझचे ब्लेरिओ जातीचे विमान म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड आणि पंखांना वरून-खालून आवळून धरणाऱ्या तारा, एवढेच. २३ सप्टेंबर १९१० रोजी दुपारी त्याने उड्डाण केले. खिंड ओलांडून सुमारे पाऊण तासात तो इटलीतील दोमोदोस्सोला गावावर आला. आल्प्स जिंकला गेला होता. उतरण्याचे मैदान समोर होते, लोक जयघोषास सिद्ध होते. आणि जमीन काही मीटरांवर राहिली असता विमानाचे पंख मोडून मिटले. चावेझ भग्न यंत्रासह खाली कोसळला. त्याचे दोन्ही पाय मोडले होते. चार दिवसांनी, २७ सप्टेंबर रोजी, तेथील रुग्णालयात त्याने देह ठेवला. त्या वेळी त्याचे वय अवघे २३ वर्षांचे होते.

पर्वतातील वाऱ्यांच्या तडाख्यांनी पंख आधीच खिळखिळे झाले असावेत, असे मानले जाते. परंतु हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. ब्लेरिओने १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली ती २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर. पुढे त्याच जातीच्या विमानांवर ५० अश्वशक्तीची इंजिने चढू लागली. वेग वाढला, पंखांवरील भार वाढला. पंखांचे बळ मात्र त्या मानाने वाढले नाही. त्याच वर्षी ४ जानेवारीस बोर्दोजवळ देलाग्रांज हा नामवंत वैमानिक पंख मोडूनच मृत्युमुखी पडला होता. पुढे १९१२ साली खुद्द ब्लेरिओने फ्रेंच सरकारला अहवाल दिला, की उड्डाणात पंखांवर वरूनही भार येतो आणि तो पेलणाऱ्या तारा पुरेशा बळकट नाहीत. फ्रेंच सैन्याने आपली एकपंखी विमाने काही काळ जमिनीवरच ठेवली आणि पंख बळकट करण्यात आले. आपल्याच यंत्रातील दोष स्वतः उघड करणे, यालाही धैर्य लागते.

१९५७ साली चावेझचे अवशेष पेरू देशात सन्मानाने नेण्यात आले. राजधानी लिमा येथील आंतरराष्ट्रीय विमानतळ त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मुलांनी धाडस करू नये, असे आम्ही या चरित्रावरून मुळीच म्हणत नाही. भीतीपोटी मुलांचे पंख बांधून ठेवणारे घर ज्ञातीला पुढे नेत नाही. परंतु धाडसी माणसाच्या पाठीशी तारा तपासणारा, खिळा ठोकून पाहणारा, दोष दिसताच तो निर्भीडपणे सांगणारा दुसरा माणूस असावा लागतो. त्याचा सत्कार कोणी करीत नाही, त्याचे छायाचित्र स्मरणिकेत येत नाही. पण वीर सुखरूप घरी परततो तो त्याच्यामुळे. आपल्या मुला-मुलींत असे वीर निपजोत, आणि त्यांचे पंख तपासणारेही निपजोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.