व्हिएन्नाच्या वाटेवर

दिवाळीच्या सुट्टीत मी कोलकात्याला, सॉल्ट लेकमध्ये मामांकडे गेलो होतो. हुगळीचा गाळ टाकून दलदल बुजवली आणि तिच्यावर ही वसाहत उभी राहिली. इथेच अणुऊर्जा विभागाचे सायक्लोट्रॉन केंद्र आहे. तिथला मोठा सायक्लोट्रॉन १९७७ पासूनचा. रात्री जेवताना मी मामांना विचारले, की त्याचा स्फोट झाला तर? मामा हसले. सायक्लोट्रॉनची वीज काढली की कणांचा झोत थांबतो. अणुभट्टी मात्र बंद केली तरी आतले इंधन पुढे कितीतरी दिवस उष्णता देत राहते आणि ते सतत थंड ठेवावे लागते. तिथे चूक झाली, तर किरणोत्सार देशाची सीमा बघत नाही. मग त्यांनी डॉ. होमी भाभांचा विषय काढला आणि मामींना वरण पुन्हा गरम करावे लागले.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिजला गेले इंजिनिअर व्हायला, रमले भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुट्टीवर घरी आले, महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. त्यांनी उभारलेल्या संस्था आपल्याला ठाऊक असतात. मला पुढचा भाग नवा होता.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची अणुपरिषद भरली. अध्यक्ष भाभा. ऐन शीतयुद्धात रशियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी कडीकुलपातली माहिती एकमेकांपुढे मांडली. (वीस वर्षांत संलयनाची ऊर्जा हाती येईल, हा भाभांचा अंदाज मात्र साफ चुकला.) वर्षभरात ट्रॉम्बेला अप्सरा सुरू झाली. भट्टी आपल्या लोकांनी बांधली, इंधन ब्रिटनचे होते.

१९५७ मध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. सुरक्षेची मानके ठरवणे आणि इंधन शस्त्रांकडे वळत नाही ना हे तपासणे, ही तिची कामे. तिचे नियम ठरत असताना भाभा कडाडून भांडले. बड्या देशांनी स्वतः बाँब बनवायचे आणि तपासनीस फक्त इतरांकडे पाठवायचे, हे त्यांना पटत नव्हते. तरीही १९६३ च्या करारात अमेरिकेच्या मदतीने होणाऱ्या तारापूरसाठी त्यांनी तपासणी स्वीकारली. मला आधी ती माघार वाटली. आता वाटत नाही. देशाला वीज हवी होती, आणि तत्त्वावरचा वाद त्यांनी सोडलेला नव्हता.

२४ जानेवारी १९६६ रोजी ते याच संस्थेच्या सल्लागार समितीच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. तारापूरची वीज १९६९ मध्ये आली.