पिंपळे सौदागरची माती तपासणारे डॉ. मॅन कोण होते? त्यांचा आजच्या युरियाच्या गोणीशी काय संबंध?

पिंपळे सौदागर म्हटलं की आज डोळ्यासमोर येतात उंच सोसायट्या, हॉटेलं आणि हिंजवडीला जाणारी गर्दी. पण पवनेच्या काठचं हे गाव अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत वेगळ्याच कारणासाठी सापडतं. १९१७ मध्ये या एका गावावर अख्खं पुस्तक निघालं होतं. त्याचे लेखक डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा विषय माती आणि खत.

चाकण, खेड, मावळ भागात आजही पेरणी झाली की पहिली धावपळ युरियासाठी होते. पीक पिवळं पडलं की गोणी टाकायची, हा सरधोपट उपाय. एकच खत एका मातीत पीक वाढवतं आणि दुसऱ्या मातीत जमीन बिघडवतं, हे मॅन यांचं आयुष्य वाचताना नीट कळतं.

मॅन भारतात कसे आले?

त्यांचा जन्म १८७२ चा, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. रसायनशास्त्र शिकल्यावर त्यांनी तिथल्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीत काम केलं. १९०० मध्ये ते इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रीय अधिकारी म्हणून भारतात आले. काम होतं आसामच्या चहाच्या मळ्यांची माती, खतं आणि कीड-रोग तपासण्याचं.

चहाचं झुडूप इतर पिकांपेक्षा वेगळं. त्याचा पालाच वर्षानुवर्षं खुडला जातो, त्यामुळे जमिनीतलं नत्र सतत बाहेर जातं. ते भरून काढण्यासाठी मळ्यांमध्ये हिरवळीचं खत आणि शेंगवर्गीय सावलीची झाडं यांचा उपयोग होतो, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात. दुसरी गोष्ट म्हणजे चहाला आम्लधर्मी माती लागते. पीएच साधारण ४.५ ते ५.५ असला तर झुडूप खूश. ही माती आपल्या काळ्या रानाच्या अगदी उलट आहे.

पुण्यात काय केलं?

१९०७ मध्ये मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शिवाजीनगरचं हेच ते कृषी महाविद्यालय. पुढे ते मुंबई इलाख्याचे कृषी संचालकही झाले आणि १९२७ पर्यंत त्या पदावर होते.

प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासून त्यांचं समाधान होईना. माती तपासून शिफारस करता येते, पण ती शेतकऱ्याला परवडते का, हे कळत नाही. इंग्लंडमधल्या रिजमाउंट या खेड्यात त्यांनी आधी घरोघरी जाऊन कमाई आणि खर्चाची पाहणी केली होती. तीच पद्धत त्यांनी पिंपळे सौदागरला वापरली. महाविद्यालयातले मराठी सहकारी बरोबर होते. माती, विहिरी, पिकं, जमिनीची वाटणी, कर्ज, सगळ्याची नोंद झाली. सहकाऱ्यांपैकी एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत त्यांनी पुढे जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध केला.

पिंपळे सौदागरचे आकडे काय सांगतात?

• १७७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१४-१५ मध्ये फक्त ७ एकर उरली.

• १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यातले ४६३ तुकडे एक एकरापेक्षा लहान होते. ११२ तुकडे तर १० गुंठ्यांच्याही आत.

• पाहणीतल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबं नुसत्या जमिनीवर तगून होती. आणखी २८ जणांचं घर बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यामुळे चालत होतं. उरलेली ६७ कुटुंबं तोट्यात होती.

म्हणजे एमआयडीसी यायच्या कितीतरी आधी या पट्ट्यातली बरीच घरं बाहेरच्या पगारावर उभी होती. खडकीची छावणी आणि १८६९ चा दारूगोळा कारखाना जवळच होता.

यात खताचा मुद्दा कुठे येतो? दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर विहीर काढता येत नाही. चार ठिकाणच्या चार तुकड्यांवर शेणखत वाहून नेणं जिवावर येतं. कर्जात असलेला माणूस जनावरं विकतो, आणि जनावरं गेली की शेणखतही जातं. सरपण नसलं तर उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या होतात. जमिनीची ताकद नुसत्या रसायनाने ठरत नाही, घरच्या हिशोबानेही ठरते. हे मॅन यांनी आकड्यांतून दाखवलं.

खताने जमीन बिघडते ती कशी?

निवृत्तीनंतर मॅन इंग्लंडला परतले आणि १९२८ पासून वोबर्नच्या प्रयोग केंद्रात रुजू झाले. वयाची ऐंशी ओलांडल्यावरही, १९५६ पर्यंत ते तिथे होते. १९६१ मध्ये त्यांचं निधन झालं.

वोबर्नला १८७७ पासून त्याच शेतात दरवर्षी गहू आणि बार्ली घेतली जात होती. काही वाफ्यांना दरवर्षी अमोनियम सल्फेट मिळायचं. सुरुवातीला पीक जोरात आलं. पण साधारण वीस वर्षांत बार्ली जवळपास उगवेनाशी झाली. शेजारच्या ज्या वाफ्यांना नत्र सोडियम नायट्रेटमधून मिळत होतं, तिथे असं झालं नाही. बिघडलेल्या वाफ्यांत चुना घातल्यावर पीक परत आलं.

कारण असं. अमोनियमचं नायट्रेट करताना मातीतले जिवाणू आम्ल तयार करतात. वोबर्नची माती रेताड आणि चुना कमी असलेली, त्यामुळे आम्ल साचत गेलं. पीएच खाली गेला की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळं खुंटतात. तिथून फार लांब नसलेल्या रोथॅमस्टेडच्या शेतात मात्र जमिनीत चुना होता. तेच खत वर्षानुवर्षं टाकूनही तिथे असा फटका बसला नाही.

मग आपल्या रानात काय होतं?

पुणे जिल्ह्यातच दोन टोकं आहेत. पूर्वेकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पीएच बहुतेक ७.५ च्या वर असतो. तिथे युरिया मातीवर नुसता फेकला तर बरंचसं नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं. स्फुरद चुन्यात अडकतं. जस्त आणि लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. तिथला पिवळेपणा अनेकदा नत्राचा नसतो, लोहाचा असतो. मग युरिया वाढवून उपयोग काय?

पश्चिमेला मावळच्या डोंगरी भागात आणि पुढे कोकणातल्या भात, आंबा, काजूच्या जांभ्या जमिनीत चित्र उलटं. पावसाने चुना धुऊन गेलेला असतो, माती आम्लधर्मी असते आणि स्फुरद लोह-अॅल्युमिनियममध्ये अडकतं. वोबर्नचा धडा इथे जास्त लागू पडतो.

गोणी घेण्याआधी काय बघायचं?

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो नत्र असतं. ती अनुदानामुळे साधारण २६६ रुपयांना मिळते. ५० किलो डीएपीला १,३५० रुपये मोजावे लागतात. त्यामुळे हात आधी युरियाकडे जाणं साहजिक आहे.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ नोंदी असतात. नत्राचा आकडा बघण्याआधी त्यातल्या दोन वाचा. पहिली पीएच, म्हणजे टाकलेलं खत मातीत टिकेल की अडकेल याचा अंदाज येतो. दुसरी सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत, कंपोस्ट किंवा ताग-धैंचा किती गरजेचा आहे ते कळतं. युरिया द्यायचाच असेल तर तो एकदम न देता हप्त्यांनी, ओल असताना आणि मातीत मिसळून द्या. काळ्या रानात पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्या राहिल्या आणि हे कोवळ्या पानांवर आधी दिसलं, तर गोणी फोडण्याआधी लोहाची तपासणी करून घ्या.