अस्वस्थ कवीला गवसलेले समाधान

सुखामागे धावणाऱ्याला सुख क्वचितच भेटते. मनासारखी नोकरी, हक्काचे घर, चारचौघांत मान मिळाला की काही दिवस मन तृप्त असते. मग नवी ओढ लागते आणि धावपळ पुन्हा सुरू होते. टिकणारे सुख असते तरी कोठे? ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे आयुष्य म्हणजे याच प्रश्नाचा दीर्घ शोध होता.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईवर त्यांचा विलक्षण जीव होता. ती लवकर गेली आणि घराची ओढच संपली. हा पोरका मुलगा नाशिकला आला, संस्कृत शिकला, कविता करू लागला. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. पण पाय कोठे स्थिरावेनात. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा आणखी कोठे छापखान्यात. ही केवळ पोटासाठीची भटकंती नव्हती. जातिभेदाने दुभंगलेला समाज एकत्र आणील आणि माणसाला आतून बदलील असा धर्म त्यांना हवा होता.

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा संस्कृत काव्यावरून धर्मावर आल्या आणि निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. टिळक वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. जग ज्यांना अभागी समजते त्या दीनांना, शोक करणाऱ्यांना, सौम्य वृत्तीच्या माणसांना येशूने तेथे धन्य म्हटले आहे. म्हणजे ही धन्यता मिळकतीवर, मानावर वा परिस्थितीवर अवलंबून नाही. ती देवाशी जडलेल्या नात्यातून येते. म्हणूनच परिस्थिती पालटली तरी ती हिरावली जात नाही. टिळकांना आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे सापडली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले, समाजाने पाठ फिरवली. सर्वांत मोठा घाव मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पती जिवंत असूनही संसार मोडलेला, अशी ती सुमारे साडेचार वर्षे होती. एकाचे समाधान दुसऱ्याच्या अश्रूंवर उभे राहू शकते काय, हा प्रश्न टिळकांचे चरित्र वाचताना टाळता येत नाही. टिळकांनाही तो टाळता आला नाही. त्यांनी पत्नीची वाट पाहिली, तिच्यावर आपला धर्म लादला नाही. लक्ष्मीबाई अहमदनगरला परतल्या त्या आपले सोवळे-ओवळे सांभाळूनच. पुढे त्यांच्याच मनातील भेदाच्या भिंती कोसळल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरचा संसार सुखाच्या रूढ कल्पनेत बसणारा नव्हता. पैसा हाती टिकत नसे, कारण गरजू दिसला की टिळक असेल ते देऊन टाकीत. अनाथ मुले त्यांच्या घरात वाढली. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. तुकोबांचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. धर्म बदलला तरी मातीशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले.

एवढा मान मिळूनही १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्याला संन्यस्त वृत्तीने राहू लागले. ‘देवाचा दरबार’ हा त्यांचा अखेरचा प्रयोग. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यामागची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या श्रद्धेने एकेकाळी त्यांचा संसार मोडला होता, तिच्याच काव्याला त्यांनी आपले शब्द दिले.

टिळकांची वणवण आयुष्यभर संपली नाही, पण तिचा अर्थ बदलला. तरुणपणी ते काहीतरी मिळावे म्हणून भटकत होते. उत्तरायुष्यात जे मिळाले ते वाटण्यासाठी फिरत राहिले. ख्रिस्ती श्रद्धेतील चिरंतन आनंद तो हाच. तो दुःखापासून सुटका देत नाही, दुःखातही साथ सोडत नाही. आणि साठवल्याने नव्हे, वाटल्याने टिकतो.